चार्ट दिसतोय, पण आकडा जुना आहे!

आज चार्टबद्दल बोलू. एक्सेलमधून पॉवरपॉइंटमध्ये आणलेला आणि ऐनवेळी दगा देणारा चार्ट.

आधी माझीच फजिती सांगतो. २०२५ च्या खरिपाची गोष्ट. जळकोटला शेतकऱ्यांच्या बैठकीत सोयाबीनच्या हमीभावाचा चार्ट दाखवायचा होता. रात्री घरी एक्सेलमध्ये नवा भाव टाकला, ५,३२८ रुपये. पेन ड्राइव्हवर फक्त पीपीटी घेतली आणि निघालो. पडद्यावर चार्ट एकदम झकास! तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, "पोरा, हा तर मागच्या वर्षीचा भाव हाय की!" बघतो तर ४,८९२. क्विंटलमागं ४३६ रुपयांचा फरक. कुणी तोच आकडा धरून व्यापाऱ्याशी बोललं असतं तर?

झालं काय होतं? एक्सेलमधून चार्ट कॉपी-पेस्ट केला की बहुतेक वेळा पॉवरपॉइंट त्याची लिंक ठेवतं. लिंक म्हणजे पत्ता: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाईल. दुसऱ्या लॅपटॉपवर तो पत्ताच नसतो. मग चार्ट गायब होतो का? नाही! शेवटचं चित्र तसंच राहतं. खरा धोका हाच आहे. बिघडलेला चार्ट बिघडल्यासारखा दिसतच नाही.

मग काय करायचं? पहिलं, दोन्ही फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि सोबतच न्या. दुसरं, कम्प्युटरवर पीपीटी उघडून फाईल, मग इन्फो, तिथं उजवीकडं खाली 'एडिट लिंक्स टू फाईल्स'. त्यात 'चेंज सोर्स' दाबून नवी जागा दाखवा, मग 'अपडेट नाऊ'.

लिंक ठीक आहे, तरी नवीन वर्षाचा खांब येईना? मग ती ओळ चार्टच्या रेंजबाहेर राहिली असणार. एक्सेलमध्ये चार्टवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट डेटा'मध्ये रेंज वाढवा. आधीच कंट्रोल-टी दाबून डेटाचं टेबल केलं असेल, तर खाली जोडलेली ओळ आपोआप धरली जाते.

खांब शून्यावर बसलाय? आपली जुनी सवय बघा, ५३२८/- असं लिहिलं असेल. एक्सेलला तो आकडा नाही, मजकूर वाटतो. सेलमध्ये नुसता आकडा टाका.

गुगल स्लाइड्स वापरत असाल तर शीटमध्ये बदल झाल्यावर चार्टच्या कोपऱ्यात 'अपडेट' बटण येतं. ते आपणच दाबायचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिंकची कटकट नको म्हणून काहीजण 'एम्बेड' करतात. त्यात चार्टसोबत अख्खी एक्सेल फाईल पीपीटीत जाते. दुसऱ्या शीटवर सभासदांचे खाते नंबर असतील, तर तेही गेले! व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं असेल तर चार्ट चित्र म्हणून पेस्ट करा, नाहीतर पीडीएफ पाठवा.

आणि बैठकीआधी दोन मिनिटं काढून पडद्यावरचा शेवटचा आकडा एक्सेलशी ताडून बघा. मी आता न चुकता बघतो. त्या काकांची कृपा!

चला, भेटू पुढच्या भागात.