टॉलस्टॉय फार्मवरील वसंत



वसंत म्हटला की आपल्या मनात चैत्राची पालवी आणि आंब्याचा मोहोर उभा राहतो. परंतु विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतुचक्र उलटे फिरते. ट्रान्सवालच्या उंच पठारावर मे ते ऑगस्ट हा कोरड्या थंडीचा काळ असतो. रात्री दहिवर गोठते, माळावरचे गवत वाळून करडे होते. ऑगस्ट सरता सरता फळझाडे फुलू लागतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पहिला गडगडाटी पाऊस आला की माळ हिरवा होतो. आपल्याकडे शरद ऋतू असतो, तेव्हा तेथे वसंत. याच पठारावर, जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्थानकाजवळ १९१० साली एक सामुदायिक शेत उभे राहिले. त्याचेच नाव टॉलस्टॉय फार्म.

हे शेत निसर्गप्रेमातून जन्मले नाही. ते निकडीतून जन्मले. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांचा सत्याग्रह लांबत चालला होता. कर्ते पुरुष वारंवार तुरुंगात जात आणि मागे राहिलेल्या कुटुंबांना दरमहा रोख मदत द्यावी लागे. रतन टाटांनी १९०९ साली पंचवीस हजार रुपये दिले होते. पण लढा किती वर्षे चालेल हे कोणास ठाऊक नसताना असा पैसा किती दिवस पुरणार? शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी. तेव्हा सर्व कुटुंबांना एकत्र राहता येईल, आणि श्रमाने बराचसा खर्च भागवता येईल, अशी जागा हवी होती. गांधीजींचे मित्र, व्यवसायाने वास्तुशिल्पी असलेले हर्मन कॅलनबाख यांनी अकराशे एकरांचे शेत घेतले आणि ३० मे १९१० पासून ते विनाभाडे वापरावयास दिले.

शेतावर सुमारे एक हजार फळझाडे होती. दोन विहिरी, एक लहानसा झरा आणि टेकडीच्या पायथ्याशी पाचसहा माणसे मावतील एवढे एक घर, बाकी सारे उघडे माळरान. लोक तेथे आले ते ऐन थंडीत. पत्र्याच्या इमारती उभ्या राहीपर्यंत त्यांनी तंबूंत दिवस काढले. स्त्रियांची निवासाची इमारत वेगळी, पुरुषांची वेगळी. गवंडी व सुतार होते, पण अंगमेहनतीचे काम शेतावरच्या तरुणांनीच केले. नोकर म्हणून कोणीही ठेवायचा नाही असा नियम होता. झरा वस्तीपासून पाचशे यार्डांवर. तेथून पाणी कावडीने आणावे लागे. गुजराती, तमिळ, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सारे त्या कावडीखाली खांदा देत होते.

पहिल्या थंडीनंतर जो वसंत आला, त्याची तयारी माणसांनी जमिनीखाली केली होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. कचरा खड्ड्यांत साठवला जाई. धुण्याभांड्यांचे पाणी बादल्यांत जमा करून झाडांना घालीत. उष्टेखरकटे व भाजीची साले यांचे खत होई. घराजवळ दीड फूट खोल चौकोनी खड्डा खणून मैला त्यात टाकीत आणि काढलेल्याच मातीने तो पूर्ण झाकीत, त्यामुळे दुर्गंधी नव्हती की माश्या नव्हत्या. ज्या कामाला आपल्या समाजाने एका वर्गाच्या माथी मारले, ते काम येथे सर्वांचे होते. संत्री, जर्दाळू आणि अलुबुखार हंगामात इतके येत की पोटभर खाऊनही उरत. संत्र्यांचा मुरंबाही घातला जाई. फळझाडे आधीचीच होती हे खरे. तथापि त्यांच्या मुळाशी पडणारे पाणी या वस्तीचे होते.

दिवस साधाच जाई. सकाळी सहाला हातजात्यावर दळलेल्या गव्हाची पाव-भाकरी आणि भाजलेल्या गव्हाची कॉफी. अकराला भात, डाळ, भाजी. सायंकाळी साडेपाचला पुन्हा साधे अन्न. दुपारी शाळा भरे. सकाळभर खणून, लाकडे तोडून दमलेली मुले वर्गात पेंगत. मग डोळ्यांवर पाणी मारून त्यांना जागे करावे लागे. मांसाहाराचा प्रश्न नाजूक होता. काही ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबांना त्याची सवय होती आणि त्यांतील स्त्रियांचे पती तुरुंगात होते. गांधीजींनी हुकूम काढला नाही. त्यांनी त्या भगिनींना विचारले आणि त्यांनी आपणहून शाकाहार मान्य केला. त्यांनी तो मान्य केला नसता तर सामायिक स्वयंपाकघर टिकले असते की नाही, याचा विचार करण्यासारखा आहे.

त्या वर्षांत रमजान ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे तेथील थंडी ओसरण्याच्या सुमारास येई. मुसलमान मुलांनी रोजे धरावेत यासाठी गांधीजींनी उत्तेजन दिले. हिंदू मुलेही दिवसभराच्या उपवासात त्यांच्या सोबतीला आली. इतरांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच उरके, म्हणजे रोजा सोडणाऱ्यांना वाढण्यास ते मोकळे राहत.

१९१२ च्या वसंतात एक पाहुणा आला. गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबरला केपटाउनला उतरले आणि दौऱ्यात शेतावरही आले. लॉली स्थानकापासून दीड मैल चालत यावे लागे. नेमका त्याच दिवशी थोडा पाऊस झाला आणि हवा एकाएकी गारठली. प्रकृतीने नाजूक असलेल्या गोखल्यांना सर्दी जडली. त्यांना कॅलनबाखांच्या खोलीत उतरवले होते. स्वयंपाकघरातून आणीपर्यंत सूप निवून जाई. त्यांच्यासाठी खाट आणवली होती. पण बाकी सारे जमिनीवर निजतात असे कळताच त्यांनी ती काढून टाकावयास लावली आणि आपलेही अंथरूण जमिनीवर घातले. पाय चेपू देण्यासही ते तयार झाले नाहीत. उलट, कष्ट सोसण्याचा मक्ता आपलाच असे समजणाऱ्या यजमानांना त्यांनी अर्ध्या थट्टेने, अर्ध्या रागाने खडसावले. गांधीजींनी आपली ही चूक पुढे मोकळेपणाने लिहून ठेवली आहे, आणि तेही ज्या पुस्तकात, ते सांगण्यास त्यांनी गोखल्यांच्याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात १९२३ साली आरंभ केला.

१९१३ च्या आरंभी वस्ती फिनिक्सला हलली. त्याच वर्षीच्या वसंतात, नोव्हेंबरच्या ६ तारखेस, नाताळच्या सरहद्दीवरून २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले ट्रान्सवालमध्ये पायी निघाली. त्यांत बहुतेक कोळशाच्या खाणीतले मजूर होते. वाटेत कोणी पकडले नाही, तर आठ दिवसांत टॉलस्टॉय फार्म गाठायचे आणि लढा संपेपर्यंत तेथेच राबून पोट भरायचे, असा बेत होता. १० तारखेस बाल्फोरला त्यांना आगगाडीत चढवून नाताळला परत पाठवण्यात आले. जर्दाळू भरत येण्याचे ते दिवस होते.