पावसाळा, साप आणि ताप
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी साप आणि ताप घेऊन आले, याबद्दल प्रथम क्षमा मागते. पण कोकणातल्या रुग्णालयात काम करताना दर पावसाळ्यात जे पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवले नाही, तर डॉक्टरीण म्हणून माझे कर्तव्य अपुरे राहील.

आपल्याकडे माणसाचा जीव घेणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर चालते, घोणस आणि फुरसे यांचे रक्तावर. एवढे ध्यानात ठेवले, तर पुढचे सारे सोपे आहे.

एका पहाटे एका सुनेला रुग्णालयात आणले. ती जमिनीवर चटई टाकून झोपली होती. मध्यरात्री पोटात कळ आली, म्हणून घरच्यांनी ओवा दिला. अंगावर सूज नाही की व्रण नाही. थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, शब्द अडखळू लागले. ही मण्यार! ती रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. सासूबाईंनी त्या मिटणाऱ्या पापण्या पाहिल्या आणि उजाडण्याची वाट न बघता गाडी मागवली. सुनेला लस दिली, चार दिवस यंत्राने श्वास दिला. बरी झाल्यावर ती म्हणाली, "बाई, मला सगळं ऐकू येत होतं, पण डोळा उघडत नव्हता." म्हणून सांगते, अशा रुग्णाजवळ "आता संपलं" असे कधीही बोलू नका.

दुसरी बाई भातकापणीतली. भारा उचलताना हाताला घोणस चावली. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते, पण कामाच्या गडबडीत कोण ऐकतो! लोकांनी दंडाला दोरी आवळली आणि मांत्रिकाकडे नेले. हात सुजला, चुडा मांसात रुतू लागला. पण सवाशिणीच्या हातचा चुडा उतरवायचा कसा, म्हणून कोणी पुढे होईना. ती सहा तासांनी आमच्याकडे आली. तिचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवले, तरी गोठले नाही. लस दिली, रक्त सुधारले. परंतु मूत्रपिंडे थकली होती. कित्येक दिवस यंत्राने रक्त शुद्ध करावे लागले. भगिनींनो, साप चावताच बांगड्या, अंगठ्या, जोडवी प्रथम काढा. सौभाग्य काचेत नाही, ते त्या बाईच्या श्वासात आहे.

दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. मोडलेल्या हाडाला देतो तसा फळीचा आधार द्या, रुग्णाला चालू देऊ नका आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करा. साप मारून आणण्याची गरज नाही. घोड्यांना विष थोडे थोडे टोचून जी लस करतात, ती या चारही सापांवर एकच आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक वर्षे केले आहे. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. तरीही २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. लस आहे, पण माणूस तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही!

आता तिसरा रुग्ण. त्याला साप चावला नव्हता. लावणीत पायाला भेगा असताना चिखलात उभा राहिलेला एक शेतकरी. ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसताच घरच्यांनी काविळीचा उतारा सुरू केला आणि त्यात चार दिवस गेले. आमच्याकडे आला तेव्हा लघवी बंद झाली होती, खोकल्यातून रक्त पडत होते. त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. हा लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात उतरतात आणि भेगांतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही तो पसरला होता. सुरुवातीलाच दिल्या तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो. म्हणून पावसाळ्यातल्या तापाला पोटऱ्यांच्या दुखण्याची जोड असली, तर डॉक्टरांना "हा चिखलात काम करतो" हे आवर्जून सांगा. ते एक वाक्य कधी कधी सगळ्या तपासण्यांपेक्षा मोलाचे ठरते.

घरात कोणी कुठे निजायचे, पोटदुखीवर काय द्यायचे, तापाचे किती दिवस मोजायचे, हे बहुधा आपणच ठरवतो. म्हणजे औषधाची पहिली घडी आपल्याच हाती असते. तेव्हा निजताना मच्छरदाणी नीट खोचा, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका, घराजवळ उंदरांना आसरा देऊ नका आणि शेतात जाणाऱ्यांना गमबूट घ्यायला लावा. मंडळानेही प्रत्येक वाडीत रात्री निघू शकेल अशा एका गाडीची नोंद ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.