पानाचे माप, मेणाचे माप



कोल्हापूरजवळ, पुणे-बंगळुरू महामार्गालगतच्या उचगावात आज कान-नाक-घसा तज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, खेडोपाडी दवाखाने चालवणारे डॉक्टर आणि परिचारिका एकत्र आले आहेत. विषय आहे नाकाच्या व्यंगांची तपासणी आणि ती दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया. या विषयाचे एक पान याच महामार्गाच्या उत्तरेच्या टोकाला, पुण्याजवळ लिहिले गेले. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

कावसजी हा मराठा शेतकरी. १७९२ च्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत सापडल्यावर त्याचे नाक कापले गेले आणि एक हातही तोडला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून जगला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज सर्जन अशा शस्त्रक्रियेचे साक्षीदार होते. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह सगळी हकीकत छापून आली.

ती हकीकत आजच्या सर्जनने सावकाश वाचावी अशी आहे. कारागिराने आधी मेणाची पातळ पट्टी घेतली आणि उरलेल्या नाकावर बसवून तिला नाकाचा आकार दिला. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. नाकाच्या जुन्या जखमेच्या कडा ताज्या केल्या, सोडवलेली कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिच्या कडा खाचेत बसवल्या. जोड धरून राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्यांचे पाच-सहा थर वर ठेवले. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या लावल्या. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या आकसू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापली आणि नाकाचा आकार थोडा आणखी नीट केला.

यातली एकही पायरी वायफळ नाही. भुवयांच्या मधून कपाळाकडे वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या चिंचोळ्या पट्टीतून कातडीला जगवत होत्या. तीन आठवड्यांच्या आसपास नवी कातडी खालच्या जागेतून स्वतःचे रक्त घेऊ लागते, म्हणून पट्टी तोपर्यंत राखायची. कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला तर आजही सर्जन कपाळाचीच कातडी खाली आणतात, रक्तवाहिनीचा माग काढतात आणि बहुतेक वेळा तीन आठवडे थांबतात. फरक एवढाच की आता आतले अस्तर आणि मधला कूर्चेचा आधार हेही बांधले जातात. नुसत्या कातडीचे नाक कालांतराने आकसते.

त्याहून कितीतरी आधी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हीच रीत आली आहे. तिथे मेणाऐवजी झाडाचे पान आहे. गमावलेल्या नाकाएवढे पान कापायचे, त्या मापाने गालाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून सोडवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. श्वास चालू राहावा म्हणून आत दोन नळ्या ठेवायच्या. वर पतंग, ज्येष्ठमध आणि रसांजन यांचे चूर्ण, कापूस, तिळाच्या तेलाचे सिंचन. कातडी गालावरची की कपाळावरची, पान की मेण, हे बदलत गेले. शस्त्र हातात घेण्याआधी माप घ्यायचे, हे मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

या अध्यक्षीय भाषणाचा आग्रहही तोच आहे. नाकाच्या शस्त्रक्रियेचे यश मोठ्या प्रमाणात चाकू लागण्यापूर्वी ठरते. ते नीट पाहण्यावर, मोजण्यावर आणि लिहून ठेवण्यावर अवलंबून असते.

लिहिण्याचे मोल किती, हे त्या पुण्याच्या हकीकतीतच दिसते. लंडनमध्ये ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने मृतदेहांवर सराव केला, योग्य रुग्णाची वीस वर्षे वाट पाहिली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हा भुलीचे औषध नव्हते. ईथर आले १८४६ मध्ये. कार्प्यूचे पुस्तक १८१६ मध्ये निघाले आणि 'हिंदी पद्धत' युरोपभर पोहोचली. कार्प्यूचे नाव राहिले, क्रूसो आणि फिंडलेचे राहिले, चित्रकाराचे राहिले, कावसजीचेही राहिले. ज्याने नाक केले, त्याचे नाव मात्र त्या हकीकतीत नाही. त्याची जात नोंदवली, नाव नोंदवले नाही. ज्यांच्या हातात ही विद्या होती त्यांनी ती स्वतः लिहिली नाही, आणि लिहिणाऱ्यांना त्यांचे नाव विचारावेसे वाटले नाही.

जुनागढच्या डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी हे होऊ दिले नाही. काठियावाडात कादू मकराणी आणि त्याच्या टोळीने लोकांची नाके कापण्याचा सपाटा लावला होता. संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. शहांनी शंभराहून अधिक माणसांची नाके कपाळाच्या कातडीतून उभी केली आणि १८८९ मध्ये या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले. एक नाके कापतो आणि दुसरा ती बसवतो, असे त्या मुलखात लोक म्हणत.

आता आजच्या बाह्यरुग्ण विभागाकडे वळू. रुग्ण येतो आणि सांगतो, "डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय." बहुतेक वेळा हाड वाढलेले नसते. मधला पडदा वाकलेला असतो, किंवा ॲलर्जीने आतली मांसल वलये सुजलेली असतात, किंवा मेडिकलमधून आणलेले थेंब महिनोन् महिने टाकून नाक त्यांच्यावाचून उघडेनासे झालेले असते. या तिसऱ्या रुग्णावर पडद्याची शस्त्रक्रिया केली तरी त्याची तक्रार जाणार नाही. पुष्कळ निरोगी माणसांचाही पडदा थोडाफार वाकडा असतो. वाकडेपणा दिसला म्हणजे तोच कारण, असे धरून चालता येत नाही.

म्हणून आधी बाहेरून पाहायचे. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि खालून, असे सहा ठरावीक फोटो घ्यायचे. मग बोटांनी चाचपायचे: शेंड्याला आधार किती, कातडी जाड की पातळ, वरचे हाड सरळ की सरकलेले. गाल बाजूला ओढून श्वास सुधारतो का ते बघायचे. सुधारला तर दोष नाकाच्या झडपेत असण्याची शक्यता धरायची. ही झडप म्हणजे पडदा आणि वरची कूर्चा यांमधला कोन. तो सुमारे १० ते १५ अंशांचा असतो आणि हवेच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा तीच. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट होतो, हे भौतिकशास्त्रातले गणित इथे डोक्यात ठेवावे. नाकावरचा उंचवटा घासून बाजूने रेखीव दिसणारे नाक करताना ही झडप मिटली तर रुग्णाला आरशात सुंदर नाक मिळते आणि रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. तिथे कूर्चेच्या बारीक पट्ट्या आधार म्हणून घालायच्या की नाही, हे आधीच ठरलेले हवे. पडदा सरळ करतानाही वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर रुंदीची कूर्चा राखावीच लागते. तंबूचा खांब काढला की कापड खाली येते, तसे नाक खचते.

सौंदर्याची मापे पाठ्यपुस्तकात येतात ती प्रामुख्याने युरोपीय चेहऱ्यांवरून. चेहऱ्याचे आडवे तीन भाग, उभे पाच भाग, नाकपुड्यांची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, हे नियम शिकवायला सोयीचे आहेत. करवीर किंवा कागल तालुक्यातल्या मुलीचे नाक त्या साच्यात बसवणे मात्र चुकीचे ठरेल. तिच्या नाकाची तुलना तिच्याच चेहऱ्याशी व्हावी. आणि तिला एकटीला विचारावे. लग्न जमवायचे आहे म्हणून आईवडील मुलीला घेऊन येतात, बोलतात तेच, आणि मुलगी खाली बघत बसते. शस्त्रक्रिया तिला हवी आहे का, नेमके काय खुपते, हे तिच्याच तोंडून कळल्याशिवाय तारीख देऊ नये. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या दोषाने ज्याचे जगणे अडले आहे, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. अशा रुग्णाला चाकूने समाधान मिळत नाही.

काही नाके आतूनच ढासळतात. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराच्या थंड जागा मानवतात, आणि नाक ही तशीच जागा. पडदा नष्ट होतो, नाक खोगिरासारखे बसते. रोग औषधाने बरा होतो, पण चेहऱ्यावरची खूण राहते आणि गाव ती विसरत नाही. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले, आणि पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. अशा नाकात बाहेरून हाड बसवून भागत नाही. आतले आकसलेले अस्तर सोडवून तिथे त्वचेचे नवे अस्तर घालावे लागते, तेव्हा कुठे आधार टिकतो. एवढे कौशल्य असलेला हा सर्जन पुढे रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या परिसरात खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करू लागला. प्लास्टिक सर्जनने तिकडे वळावे हे अनेकांना नवल वाटले असेल. पण व्यंग होऊच न देणे ही दुरुस्तीच्या आधीची पायरी आहे, आणि अंतियांनी ती ओळखली.

कोल्हापूरला ती पायरी तालमीत सापडते. तांबड्या मातीत डाव टाकताना, कबड्डीत, क्रिकेटच्या चेंडूने, महामार्गावर दुचाकी घसरून नाकाला मार लागतो. रक्त थांबते, सूज येते, घरी बर्फ लावतात आणि मुलगा शाळेत जातो. आत पडद्याच्या दोन्ही बाजूंना रक्त साकळले असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या आवरणातून तिचे पोषण होते. साकळलेले रक्त ते आवरण कूर्चेपासून सोडवते, तीन-चार दिवसांत कूर्चा मरू लागते, पू झाला तर आणखी लवकर. वाढत्या वयात असे झाले की पुढे नाकाची वाढ खुंटू शकते. साकळलेल्या रक्ताची ही गाठ ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. नाकात दिवा टाकून बघितले, पडद्यावर दोन्हीकडे मऊ, फुगीर उंचवटा दिसला आणि कापसाच्या काडीने तो दबला, की निदान झाले. त्याच दिवशी छेद देऊन रक्त काढायचे, ते पुन्हा साठू नये अशी व्यवस्था करायची आणि प्रतिजैविके द्यायची. नाकाला मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर 'पडदा पाहिला' हे दोन शब्द असायलाच हवेत.

हाड सरकले असेल तर सूज उतरल्यावर, तीन ते पाच दिवसांनी, पुन्हा बोलवावे. मोठ्या माणसाचे हाड साधारण सात ते दहा दिवसांत जागेवर बसवता येते. मुलांचे त्याहून लवकर जुळते, म्हणून त्यांना आधी घ्यावे. ही मुदत चुकली तर पुढे हाड मुद्दाम तोडूनच सरळ करावे लागते. मारामारीतला रुग्ण असेल तर नोंदीला आणखी वजन येते. हाड मोडणे आणि चेहरा कायमचा विद्रूप होणे, दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार गंभीर दुखापती आहेत. संशयावरून नवऱ्याने नाक कापलेली बाई दवाखान्यात येते तेव्हा जखमेचे माप, फोटो आणि तिने सांगितलेली हकीकत हीच पुढे कोर्टात तिच्या बाजूने उभी राहते. कापलेला तुकडा सोबत आणला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये. हे रुग्णवाहिकेच्या चालकालाही माहीत हवे.

या सभेपुढे एक ठराव ठेवायचा आहे. करवीर, कागल आणि हातकणंगले तालुक्यांतल्या तालमींत आणि शाळांत खेळांच्या येत्या हंगामाआधी सदस्यांनी जावे आणि वस्तादांना, क्रीडाशिक्षकांना मराठीत छापलेले एक कार्ड द्यावे. त्यावर चारच गोष्टी असाव्यात. नाकाला मार लागला की मुलाला पुढे झुकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरा. दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, दुखणे वाढले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नाक वाकडे दिसत असेल तर पाचव्या दिवसाच्या आत दाखवा. आणि खाली, रात्रीसुद्धा उचलला जाईल असा जवळच्या सदस्याचा फोन नंबर.