लेखनकलेच्या पदवीसाठी अर्ज
(कुंभार पिंपळगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



समर्थांचे जन्मस्थान जांब येथून जवळच आहे. तेव्हा लेखन हा आपल्या मुलखास परका उद्योग नव्हे. तथापि एखाद्या कन्येने ‘मला कथालेखन शिकावयास विद्यापीठात जावयाचे आहे’ असे म्हटले, की घरात प्रथम हसू येते आणि मग चिंता उत्पन्न होते. चिंता रास्त आहे, हसू नव्हे.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू असून दोन वर्षांनी एम. एफ. ए. ही पदवी मिळते. तेथीलच आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम १९६७ चा. कविवर्य दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात त्यात होते. पण तो प्रस्थापित लेखकांसाठी, पदवीचा वर्ग नव्हे. या दोहोंची गल्लत करू नये.

अर्जासोबत गुणपत्रके, शिफारसपत्रे व उद्देशपत्र लागते. परंतु पारडे झुकते ते स्वतःच्या लेखनाच्या नमुन्याने, आणि तो इंग्रजीत हवा. मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. उसन्या इंग्रजीने भागत नाही. अशांनी तेथील साहित्यानुवादाच्या एम. एफ. ए.चा विचार करावा. तेथे मराठी हेच भांडवल ठरते.

शुल्कमाफी व अध्यापनाचे वेतन मिळणार असेल तरच जावे. या पदवीमागे नोकरीची हमी नाही; तिच्यासाठी शेत गहाण टाकू नये.

आपला शिष्यवृत्ती निधी वैद्यक व अभियांत्रिकीपुरता आखलेला आहे. त्यातून निदान अर्जशुल्क व इंग्रजी परीक्षेचे शुल्क अशा मुलामुलींस द्यावे, असा ठराव मी या सभेपुढे ठेवीत आहे.