उन्हाळी सुटीत बांधणीचे शिक्षण

(उन्हाळी छंदवर्गांच्या शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



कच्छ, सौराष्ट्र व राजस्थानातील कारागिरांनी बांधणीची कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील ठिपकेदार वस्त्रेही बांधणीची असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या कलेची ओळख आपल्या मुलांना सुटीत सहज करून देता येईल.

साहित्य घरचेच आहे. जुन्या सुती धोतराचा तुकडा स्वच्छ धुऊन तुरटीच्या पाण्यात भिजवावा. त्यात डाळीचे दाणे धरून दोऱ्याने घट्ट गाठी बांधाव्यात व तो डाळिंबाच्या सालींच्या गरम काढ्यात ठेवावा. कापड पिवळे होते. गाठींखाली रंग शिरत नाही. मग पहिल्या गाठी न सोडता आणखी काही बांधून तो गंजलेल्या लोखंडाच्या पाण्यात बुडवावा. जमीन करडी होते आणि गाठी सोडताच तीवर पांढरे व पिवळे ठिपके उमटतात. काढा उकळण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. मे महिन्यातील पाणीटंचाई ध्यानात घेऊन साऱ्या वर्गाने एकच भांडे वापरावे. उरलेले पाणी विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये.

आता माझी एक चूक सांगतो. एका वर्षी समारोपाला प्रदर्शन होते. एका मुलीच्या गाठी सैल होत्या, म्हणून त्या सोडून मी स्वतःच नव्याने बांधल्या. पाहुण्यांनी तिच्या रुमालाचे फार कौतुक केले. घरी जाताना तिने तो टेबलावरच ठेवला. “गुरुजी, तो तुमचा आहे,” एवढेच ती म्हणाली.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह धरला. त्याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला. सैल गाठीतून रंग आत का शिरला, हे त्या मुलीला स्वतः पाहता आले असते. ती संधी मी हिरावून घेतली होती. ज्या मुलाने स्वतः पन्नास गाठी बांधल्या, त्याला बाजारातील बांधणीच्या साडीमागचे कष्ट वेगळे समजवावे लागत नाहीत.

म्हणून प्रदर्शनात डागाळलेले रुमालही मांडावेत. पंचायतीने सावलीची जागा व एक मोठे भांडे द्यावे, शिक्षकांनी कृती दाखवावी आणि गाठी मुलांना बांधू द्याव्यात, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.