गणिताची पदवी : जमा आणि खर्च
(विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी हिशेब मांडला जातो. वैद्यकीयला किती लागतील, अभियांत्रिकीला किती लागतील, आणि दोन्हीकडे नाहीच जमले तर ‘गणित घेऊन बी. एस्सी. करील’ असे निरुपायाने म्हटले जाते. ज्या शास्त्राला पहिल्या पंगतीचा मान, ते अशा रीतीने उरल्यासुरल्यांत बसविले जाते. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर असल्यामुळे गणिताची वकिली करण्यात आमचा काहीच स्वार्थ नाही. म्हणूनच जमा आणि खर्च या दोन्ही बाजू आम्ही सारख्याच निर्भीडपणे मांडणार आहोत.

प्रथम खर्च पाहू. या पदवीला महागडी प्रयोगशाळा लागत नाही आणि अनुदानित महाविद्यालयातील तिचे शुल्क खाजगी अभियांत्रिकीच्या मानाने किरकोळ असते. पालक एवढेच पाहतात आणि येथेच फसतात. गणिताची खरी किंमत रुपयांत नव्हे, वर्षांत मोजावी लागते. माध्यमिक शाळेत गणित शिकवावयाचे तर तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांचे बी. एड. हवे. महाराष्ट्रात त्यापुढे अभियोग्यता चाचणी आणि निवड झालीच तर तीन वर्षे शिक्षणसेवक. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली वाढून महिना १८,००० रुपये झाले. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा एकही वर्ष वाया न घालविता सव्विसाव्या वर्षी पूर्ण वेतनाला पोचतो! महाविद्यालयात शिकवावयाचे तर एम. एस्सी. आणि वर नेट किंवा सेट; तीही उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे अध्यापक थोडे नाहीत.

याखेरीज मराठी माध्यमाच्या मुलाला आणखी एक खर्च पडतो. नेटची गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. त्या अन्यायाविषयी बोलण्याची जागा निराळी. आज एवढेच सांगतो की इंग्रजी परिभाषा पहिल्या वर्षापासूनच अंगवळणी पाडली पाहिजे.

आता जमेची बाजू. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ८०,००० रुपयांची असून त्यांतील ६०,००० थेट विद्यार्थ्याच्या हाती पडतात. गणित त्यात मोडते, अभियांत्रिकी मोडत नाही. महलनोबिसांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रवेशपरीक्षा कठीण खरी, पण तेथे शुल्काऐवजी विद्यावेतनाची परंपरा आहे. तिच्या बंगळुरू केंद्रात गणिताचा पदवी अभ्यासक्रम चालतो. पुढे संशोधनाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. विमागणिताच्या परीक्षांना तर पदवी चालू असतानाच आरंभ करता येतो. त्या पुऱ्या होण्यास पुष्कळ वर्षे लागतात, पण तोवर विमा कंपनीत नोकरी करता येते.

दोन माणसांकडे पाहा. दत्तात्रय कापरेकर देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षक होते. ६१७४ या अंकाने त्यांचे नाव जगभर नेले, पैसा मात्र दिला नाही. ग्वाल्हेरला जन्मलेल्या नरेंद्र करमरकरांची पदवी मुंबईच्या आय. आय. टी.ची आणि तीही विद्युत् अभियांत्रिकीची. मर्यादित साधनांतून अधिकात अधिक फल कसे मिळवावे, अशी अवाढव्य गणिते झपाट्याने सोडविण्याची रीत त्यांनी १९८४ साली दिली. तिची किंमत ओळखून अमेरिकन कंपनीने १९८८ साली तिचे पेटंट मिळविले! आमच्या मते याचा बोध उघड आहे. गणिताच्या कागदाला बाजारात भाव नाही. गणिताला भाव आहे, आणि तोही दुसऱ्या एखाद्या विद्येशी त्याचे लग्न लागले म्हणजे.

म्हणून तीन वर्षांची पदवी घेऊन तेथेच थांबणे हा सर्वांत आतबट्ट्याचा व्यवहार होय. आणि नेमके तेथेच कोणाला थांबविले जाते? मुलींना! मुलाचे सव्विसावे वर्ष घरच्यांना सोसते, मुलीचे सोसत नाही. ‘पदवी झाली, आता पुरे’ असे म्हणणारा बाप शुल्क वाचवीत नाही. भरलेल्या तीन वर्षांवरही पाणी सोडतो.

तेव्हा प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारा. पुस्तकाच्या शेवटी उत्तर नसलेले उदाहरण घेऊन मूल चार दिवस आनंदाने बसते काय? नसेल, तर केवळ स्वस्त म्हणून गणित देऊ नका. बसत असेल, तर घर सात-आठ वर्षे थांबू शकते काय? थांबू शकत नसेल, तर संख्याशास्त्र, संगणकाची आज्ञावली किंवा विमागणित यांपैकी काय पहिल्याच वर्षी जोडीला घेणार? या तिहींची उत्तरे हाती असतील, तर कोणाच्या भाकितांना भिऊ नका. उत्तरे नसतील, तर चार दिवस थांबा. पण मुलाच्या आणि मुलीच्या पानावर एकच हिशेब मांडा. एवढी एक त्रैराशिकाची शिस्त तरी आपण गणिताकडून घेतलीच पाहिजे.