उभा ऊस आणि कागदावरचा आलेख

बारामती-इंदापूर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की सकाळची सुरुवात आकड्यांनी होते. काल किती गाळप झालं, किती पोती साखर निघाली आणि उतारा किती लागला? सोमेश्वरनगर असो, माळेगाव असो की भवानीनगर, चहाच्या टपरीवर हे आकडे वर्तमानपत्राच्या आधी पोचलेले असतात. माळेगावचा सभासद सोमेश्वरचा उतारा विचारतो आणि भवानीनगरचा सभासद या दोघांचाही. या रोजच्या आकड्यांनाच कॉम्प्युटरवाले रिपोर्ट म्हणतात. त्याच्यावर रंगीत आलेख चढवले की त्याचा डॅशबोर्ड होतो. आज मला बोलायचं आहे ते या रिपोर्टांबद्दल. आपल्या सहकारी संस्थांनी कॉम्प्युटर घेतले, सॉफ्टवेअर घेतलं, पण त्यातून निघणारा कागद वाचायचा कसा, हे फारसं कुणी कुणाला सांगितलं नाही.

पूर्वी कारखान्यात शेतकी खात्याची जाडजूड रजिस्टरं असत. मग फॉक्सप्रो आलं, करकर आवाज करणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले आणि उसाची बिलं त्यावर छापून येऊ लागली. पण बिल काढणं वेगळं आणि बिलातल्या माहितीला प्रश्न विचारणं वेगळं. ते दुसरं काम सोपं झालं ते एक्सेलमधल्या पिव्होट टेबलमुळे, म्हणजे नव्वदच्या दशकात. पुढे २०१५ साली पॉवर बीआय आलं आणि माऊसच्या एका टिचकीसरशी गटाचा आलेख उघडून थेट शेतकऱ्याच्या नावापर्यंत उतरता येऊ लागलं. मात्र यापैकी कुठलंही साधन स्वतः प्रश्न विचारत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागतो.

कारखान्यातल्या सगळ्या रिपोर्टांचं मूळ वजनकाट्यावर आहे. गाडी काट्यावर आली की पावती फाटते. तिच्यावर सभासदाचा कोड नंबर, गाव, गट, उसाची जात, वाहन, भरलेलं वजन आणि रिकामं वजन असतं. एवढ्या चार-सहा रकान्यांतून किती प्रश्नांची उत्तरं निघतात बघा. कुठल्या गटातून किती ऊस आला? को-८६०३२ किती आणि २६५ किती? बैलगाडीचा किती, ट्रॅक्टरचा किती? गाडी नंबरावर किती तास थांबली? काट्याची पावती ही या सगळ्या हिशेबातली सर्वांत भरवशाची गोष्ट, कारण ती देताना समोर शेतकऱ्याचा माणूस उभा असतो.

आणि नेमकी तिथेच एक फसगत दडलेली आहे.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. जानेवारीतली बैठक होती. पडद्यावर सुंदर आलेख लावला होता : तुटलेल्या उसाचं सरासरी वय, गटवार. सगळ्या गटांचे खांब जवळपास सारख्या उंचीचे. शेतकी अधिकारी म्हणाले, ‘साहेब, तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणेच चालू आहे, हे बघा.’ संचालकांनी माना डोलावल्या. मागे एक वयस्क सभासद बसले होते. ते म्हणाले, ‘दादा, तुटलेल्या उसाचं काय सांगताय, उभ्याचं सांगा की.’

त्या एका वाक्यात सगळं आलं. आलेख काट्याच्या पावत्यांवरून काढलेला होता. काट्यावर फक्त आलेला ऊस येतो. जो अजून रानात उभा आहे, त्याची पावतीच नाही, म्हणून तो आलेखातही नाही. कॅनॉलकडेचा एक रस्ता खचल्यामुळे एका गटात गाड्याच जात नव्हत्या आणि तिथला जुलैमध्ये लावलेला आडसाली ऊस तसाच उभा होता. पण सरासरी सुरेख होती! उलट तो जुना ऊस आला नाही, म्हणूनच त्या गटाचं सरासरी वय बेताचं दिसत होतं.

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांत तुटायला हवा. जुलैच्या मध्याला लावलेला ऊस जानेवारीच्या मध्याला अठरा महिन्यांचा होतो. त्यापुढे त्याला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं. शिवाय १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, असं कृषी विद्यापीठ सांगतं. म्हणजे ज्याचा ऊस उशिरा तुटतो, तो यंदाच्या वजनातही मार खातो आणि पुढच्या वर्षीच्या खोडव्यातही. हे नुकसान कुठल्याच बिलावर छापून येत नाही.

आता उभ्या उसाचा रिपोर्ट काढायचा कसा? ऊसनोंदीच्या यादीतून काट्यावर आलेला ऊस वजा करायचा. उरलेल्या क्षेत्राला लागणीची तारीख लावायची आणि सोळा महिन्यांपुढचा ऊस गटवार मांडायचा. साधे आडवे खांब पुरतात. ज्या गटाचा खांब सगळ्यात लांब, तिथे उद्या टोळ्या पाठवायच्या. सॉफ्टवेअरला हे काम काही मिनिटांचं आहे. अडचण येते ती नोंदीच्या यादीत. एका चिटबॉयने क्षेत्र लिहिलं ४० आर, दुसऱ्याने तेवढंच क्षेत्र लिहिलं ०.४० हेक्टर आणि तिसऱ्याने सरळ एक एकर. जमीन तेवढीच, पण रकान्यात आकडे तीन : ४०, ०.४० आणि १. कॉम्प्युटर बिचारा मुकाट्याने त्यांची बेरीज करतो. त्यात एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, बाप वारला तरी कोड त्याच्याच नावावर आणि वाटणी झालेल्या दोन भावांचा ऊस एकाच नंबरात. माझ्या अनुभवात नव्या सॉफ्टवेअरच्या कामातला निम्म्याहून अधिक वेळ हे निस्तरण्यात जातो आणि दरपत्रकात त्याला कुणी पैसे लावत नाही.

उताऱ्याच्या आकड्याचंही असंच आहे. समजा, एका दिवशी मशिनरीत बिघाड झाला आणि दोन हजार टनच गाळप झालं, उतारा बारा टक्के. दुसऱ्या दिवशी सहा हजार टन, उतारा दहा टक्के. दोन दिवसांचा उतारा किती? बरेच जण पटकन अकरा म्हणतात. पण साखर निघाली दोनशे चाळीस टन आणि सहाशे टन, मिळून आठशे चाळीस. ऊस आठ हजार टन. म्हणजे उतारा साडेदहा. पिव्होट टेबलमध्ये ‘ॲव्हरेज’वर बोट ठेवलं की ते पहिलं, चुकीचं उत्तर देतं, कारण त्याला टनांचं काही पडलेलं नसतं.

हा अर्ध्या टक्क्याचा फरक क्षुल्लक नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. अर्धा टक्का म्हणजे टनाला १७३ रुपये. अर्थात एफआरपी दोन दिवसांच्या उताऱ्यावर ठरत नाही, आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्चही वजा होतो. पण सभासदाच्या डोक्यात जो आकडा बसतो, तो टपरीवरच्या आलेखातूनच बसतो. सध्या त्यात आणखी एक भर पडली आहे. इथेनॉलसाठी बी हेवी मळी वळवली की तेवढी साखर कमी निघते आणि उतारा घसरलेला दिसतो. ऊस तोच असतो. ज्या दिवसापासून मळी वळवली त्या दिवशी आलेखावर एक उभी रेघ मारून तसं लिहिलं नाही, तर शेजारच्या कारखान्याशी केलेली तुलना म्हणजे निव्वळ भांडणाला निमंत्रण.

आलेखांची ही कला तशी जुनी. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेघांनी आणि खांबांनी मांडलेलं पुस्तक काढलं. गंमत म्हणजे खांब त्याने नाइलाजाने वापरले : स्कॉटलंडची सलग वर्षांची माहितीच हाती नव्हती, एका वर्षाचीच होती. त्या एका वर्षाच्या आकड्यांना रेघ कशी काढणार? तेव्हापासूनचा साधा संकेत असा, की काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टीला रेघ आणि एकमेकांशी तुलना करायच्या गोष्टींना खांब. खांब शून्यापासून सुरू झाला पाहिजे. आपल्या वार्षिक अहवालांत कधी कधी उताऱ्याचा खांब दहापासून सुरू केलेला असतो. मग १०.४ आणि १०.८ यांतला फरक दुप्पट दिसतो. चौदा गटांचा चौदा रंगांचा गोल तर मला बघवत नाही. पडद्यावर तो छान दिसतो, पण अहवाल झेरॉक्स होऊन गावात पोचतो तेव्हा सगळे रंग करडे झालेले असतात.

दुधाकडे वळू. इंदापूर-बारामतीत उसाइतकाच संसार दुधावर चालतो. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मशीनवर लागतं, चिठ्ठी हातात पडते आणि दहा दिवसांनी पेमेंट होतं. चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवल्या जातात. त्याच आकड्यांची एका उत्पादकाची महिन्याची रेघ काढून बघा. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. एका घरचा एसएनएफ आठवडाभर हळूहळू उतरत असेल तर चाऱ्यात काही बदललं असेल, जनावर आजारी असेल किंवा, स्पष्टच बोलायचं तर, पाणी वाढलं असेल. रेघ कारण सांगत नाही, कुणाच्या गोठ्यावर आधी जायचं तेवढं सांगते. डॉक्टरला तेवढं पुरतं.

आता प्रश्न असा, की हे सगळं बघायचं कुणी? १९९८ साली वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. आसपासच्या सत्तर गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रं उभी राहिली. योजना मोठ्या होत्या, पण शेतकरी तिथे जायचा तो मुख्यतः आपल्या उसाचं वजन आणि हिशेब बघायला. २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली आणि काम भागलं. शेतकऱ्याला हवे होते मोजके आकडे, तेही त्याचे स्वतःचे.

बारामतीत १९७१ साली अप्पासाहेब पवारांनी स्थापन केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. २०२४ पासून तो शेतकऱ्यांच्या रानात उतरला आणि २०२५ मध्ये सत्या नाडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर जगभर गाजला. उपग्रहाची छायाचित्रं, जमिनीतले सेन्सर आणि हवामान केंद्र यांची माहिती एकत्र करून रानाचा रंगीत नकाशा तयार होतो. तो नकाशा देखणा आहेच. पण शेतकऱ्याच्या फोनवर जातो तो निरोप : पाणी द्या, अमुक कोपऱ्यात कीड बघा. निरोपही आलेखाचाच एक प्रकार आहे आणि माझ्या मते सर्वांत अवघड, कारण त्यात एकच वाक्य लिहायची मुभा असते.

त्या वयस्क सभासदांच्या कारखान्यात पुढे उभ्या उसाची यादी दर सोमवारी गट ऑफिसच्या फळ्यावर लागू लागली : नाव, लागणीची तारीख, क्षेत्र, तोडीचा अंदाजे आठवडा. आलेख नाही, रंग नाही. ‘लोक भांडायला येतील,’ असं ऑफिसातल्यांचं म्हणणं होतं. लोक आलेच. पहिल्या सोमवारी अकरा जण आले आणि त्यातल्या सात जणांची तक्रार एकच होती : यादीतली लागणीची तारीख चुकली आहे. चिटबॉयला बरोबर घेऊन ती रानात जाऊन दुरुस्त केली गेली.